फॉरवर्डमधले २० टक्के तुमच्या बॅगेतल्या वाइनला लागू नाहीत

पाडव्याच्या आठवडाभर आधी रात्री साडेअकराला मावसभावाचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. हॉटेलच्या पलंगावर ओळीने मांडलेल्या चार वाइनच्या बाटल्या. गडी मूळचा कळमनुरीचा, नोकरीला हैदराबादला, आणि त्या दिवशी तीन मित्रांबरोबर जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीत. फोटोखाली एक फॉरवर्ड चिकटवलेला, 'परदेशी वाइनवरचा टॅक्स १५० वरून थेट २० टक्के', आणि त्याखाली त्याचा प्रश्न: 'दादा, चार आणल्या तर चालतंय ना? आता तर टॅक्स पण कमी झालाय.'

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, कस्टम्सचा वकील नाही. पण घरात कुणाचाही फॉर्म अडला, अॅप अडलं की फोन मलाच येतो, त्यामुळे नियम वाचायची सवय लागलीय. त्या रात्री वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की त्याच्या एका प्रश्नात तीन वेगवेगळे कायदे एकमेकांत गुंतलेत. फॉरवर्ड मात्र तिन्हींचा एकच आकडा करून मोकळा झालाय.

आधी ती बातमी

बातमी खोटी नाही. २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत भारत आणि युरोपियन युनियन यांनी मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. त्यात युरोपातून येणाऱ्या वाइनवरचं आयात शुल्क आजच्या १५० टक्क्यांवरून आधी ७५ वर आणि मग टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलंय. महागड्या वाइनसाठी शेवटचा आकडा २० टक्के, मधल्या किमतीच्या वाइनसाठी ३०. अगदी स्वस्त वाइनला सवलतच नाही. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांचा आणि वायनरीवाल्यांचा विचार करूनच ती मर्यादा ठेवलेली आहे.

आता यात भावाच्या बाटल्या कुठे बसतात? कुठेच नाही. पहिली गोष्ट, 'जाहीर झाला' आणि 'लागू झाला' यात फरक आहे. कराराचा मसुदा कायदेशीरदृष्ट्या तपासायचा, सह्या व्हायच्या, युरोपियन संसदेची मंजुरी घ्यायची, आणि त्यानंतर तो लागू व्हायचा. दुसरी, लागू झाल्यावरही २० टक्के हा शेवटच्या टप्प्याचा आकडा आहे. आणि तिसरी गोष्ट भावाला सर्वात जास्त लागली: जॉर्जिया युरोपियन युनियनमध्ये नाहीच. 'युरोपातच आहे ना रे?' असं त्याचं म्हणणं. असेल, पण करार नकाशाशी होत नाही, सदस्य देशांशी होतो.

समजा तो पॅरिसहून आला असता आणि करारही लागू झालेला असता, तरी काउंटरवर 'युरोपची वाइन आहे' एवढं म्हणून भागलं नसतं. व्यापार कराराचा कमी दर मागायचा तर माल खरोखर त्या देशात बनला याचा पुरावा आयात करणाऱ्याने द्यायचा असतो. त्यासाठी आपल्याकडे २०२० पासून वेगळे नियम आहेत. ते कंटेनर मागवणाऱ्या कंपनीच्या सोयीचे आहेत. सुट्टीवरून येणाऱ्या माणसाच्या ट्रॉलीबॅगेशी त्यांचा संबंध जवळजवळ येत नाही.

बॅगेचा नियम वेगळ्या टेबलात आहे

प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी सांगायचं तर कस्टम्सचं टॅरिफ म्हणजे एक भलंमोठं टेबल आहे. प्रत्येक वस्तूला कोड, कोडसमोर दर. द्राक्षाच्या वाइनचा कोड २२०४. प्रवाशाच्या सामानासाठी मात्र वेगळी ओळ आहे, ९८०३. तुम्ही बॅगेत शर्ट आणा, मिक्सर आणा, हेडफोन आणा, सवलतीच्या वर गेलात तर वस्तूगणिक दर शोधत न बसता सगळ्याला एकच दर लागतो. सोयीचं आहे. पण त्या ओळीलाच एक अपवाद जोडलेला आहे: मोटारगाड्या आणि मद्य यांना ही ओळ लागू नाही. म्हणजे बॅगेत असली तरी मर्यादेवरची वाइन परत २२०४ मध्ये जाते आणि तिथे समोर १५० लिहिलेलं आहे. २०२१ च्या बजेटनंतर त्या १५० चे दोन तुकडे केलेत, ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. देणाऱ्याच्या खिशाला दोन्ही सारखेच.

आता मर्यादा किती? माणशी दोन लिटर. दारू, वाइन सगळं मिळून दोन लिटर. २ फेब्रुवारी २०२६ पासून सामानाचे नवे नियम आले आणि विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाची एकूण सवलत ५० हजारांवरून ७५ हजार रुपये झाली. बऱ्याच रील्समध्ये यावर 'आता दारूही जास्त आणता येणार' असं जोडून दिलेलं मी पाहिलं. तसं नाही. दोन लिटरचा आकडा जिथे होता तिथेच आहे.

या दोन लिटरबद्दल तीन गैरसमज मी गेल्या काही दिवसांत इतक्यांदा ऐकले की सांगूनच टाकतो.

पहिला: दोन लिटर हे ७५ हजारांच्या बाहेर असतात. नाही, आतच असतात. म्हणजे तुम्ही दुबईहून ७४ हजारांचा फोन आणि पाच हजारांची वाइन आणली, तर वाइन दोन लिटरच्या आत असूनही एकूण सामान सवलतीच्या बाहेर गेलं. दोन लिटरची अट पाळली की वाइन फक्त 'सवलतीत मोजायला पात्र' होते. तिची किंमत मोजली जातेच.

दुसरा: उतरल्यावर भारतातल्या विमानतळावर ड्युटी-फ्री दुकानातून घेतलेली बाटली यात धरत नाहीत. धरतात. तुम्ही अजून कस्टम्सच्या अलीकडेच असता. त्या दुकानात व्हिस्कीच्या एक लिटरच्या बाटल्या एवढ्या का दिसतात याचं उत्तरही इथेच आहे, दोन घेतल्या की हिशोब बरोबर जुळतो. वाइनचं मात्र वाकडं आहे. वाइनची बाटली जगभर साधारण ७५० मिलीची. दोन घेतल्या तर दीड लिटर, अर्धा लिटर वाया. तीन घेतल्या तर सव्वादोन, म्हणजे मर्यादेबाहेर. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाइन पिणारा माणूस नव्हता, एवढं नक्की.

तिसरा: चौघांचे मिळून आठ लिटर, मग कुणाच्याही बॅगेत कितीही. सवलत माणशी असते, ती एकमेकांत वाटून घेता येत नाही. मित्राच्या बॅगेत मित्राची स्वतःची बाटली, मित्राच्या नावाचं बिल, यात काहीच अडचण नाही. पण अधिकाऱ्याने विचारल्यावर मित्र 'ही याची आहे' म्हणून तुमच्याकडे बोट दाखवणार असेल, तर त्याला त्या फंदात पाडू नका.

भावाचा हिशोब मी त्याच रात्री करून पाठवला. चार बाटल्या म्हणजे तीन लिटर. प्रत्येकी साधारण दीड हजाराची, एकूण सहा हजार. मर्यादेवर एक लिटर, म्हणजे किमतीचा तिसरा हिस्सा, दोन हजार. त्यावर १५० टक्के म्हणजे तीन हजार. सहा हजारांच्या खरेदीवर तीन हजारांचं शुल्क. बिल हरवलं असेल तर किंमत अधिकारी ठरवणार, आणि ती तुमच्या मनातल्या किमतीएवढीच असेल असं नाही. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, ते इथे देत नाही.

मग त्याने दुसरा, खरा प्रश्न विचारला: 'ग्रीन चॅनेलने गेलो तर कोण बघतंय?'

कोण बघतंय, याचं उत्तर

विमानतळावर हिरवी वाट म्हणजे 'माझ्याकडे शुल्क लागणारं काही नाही' असं तुम्ही चालता चालता केलेलं विधान. तोंडाने काही बोलला नाहीत तरी. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ नुसार सामानात काय आहे ते सांगायची जबाबदारी सामानाच्या मालकाची आहे. सांगितलं नाही आणि सापडलं, तर विषय तीन हजारांचा राहत नाही. माल जप्त, सोडवून घ्यायला दंड, त्यावर शुल्क, आणि वेगळा व्यक्तिगत दंड असं सगळं त्यात येऊ शकतं. लाल वाटेने जाऊन शुल्क भरणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. लाल वाट गुन्हेगारांची असते असं आपल्याकडे का कोण जाणे रुजलंय. ती बिल भरायची खिडकी आहे.

आणि 'कोण बघतंय'चं तांत्रिक उत्तर असं की बघणं तुम्ही विमानात बसायच्या आधीच सुरू झालेलं असतं. २०२२ मध्ये केंद्राने प्रवासी नोंदींचे नियम काढले. पीएनआर म्हणजे तिकिटावरचा तो सहा अक्षरांचा कोड आपल्याला माहीत असतो, पण त्या कोडमागे एक पूर्ण रेकॉर्ड असतं: नाव, संपर्क, तिकिटाचे पैसे कसे भरले, प्रवासाचा मार्ग, बरोबर कोण, सामानाची माहिती. हे रेकॉर्ड विमान कंपन्यांनी उड्डाणाच्या २४ तास आधी कस्टम्सच्या प्रवासीविषयक केंद्राला द्यायचं, अशी तरतूद त्या नियमांत आहे. ही माहिती पाच वर्षांपर्यंत ठेवता येते. उद्देश सोन्याची, अमली पदार्थांची तस्करी पकडण्याचा. एका वाइनच्या बाटलीसाठी कुणी एवढी यंत्रणा उभी करत नाही. पण जाळं बारीक विणलं की लहान मासाही अडकतो. शिवाय पट्ट्यावर येणाऱ्या बॅगा स्कॅन होतात, आणि चार काचेच्या बाटल्या स्कॅनरमध्ये चार काचेच्या बाटल्यांसारख्याच दिसतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बाटलीपेक्षा या डेटाची काळजी मला जास्त वाटते. दोन लिटरची मर्यादा पाळणाऱ्या माणसाचंही रेकॉर्ड पाच वर्षं राहतंच. पण तो वेगळा लेख होईल.

याच यंत्रणेची आपल्या बाजूने वापरता येणारी गोष्ट म्हणजे 'अतिथी' नावाचं अॅप. कस्टम्स खात्याने २०१९ मध्ये आणलं. फ्लाइट, पासपोर्ट, आणलेलं सामान आधीच भरून ठेवायचं, म्हणजे उतरल्यावर कागद भरत उभं राहायला नको. फोन चार्ज ठेवा आणि भरलेल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, उतरल्या उतरल्या नेटवर्क मिळेलच असं नाही.

विमानाचंही थोडक्यात: केबिन बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही, त्यामुळे बाटल्या चेक-इनमध्येच, कपड्यांत नीट गुंडाळून. ड्युटी-फ्रीची सीलबंद पिशवी वाटेत विमान बदलायचं असेल तर उघडू नका, पुढच्या सिक्युरिटीला ती काढून घेतील. २४ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोलच्या पेयांना, म्हणजे नेहमीच्या वाइनला, विमान सुरक्षेची मर्यादा नाही. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी पाच लिटर, आणि ७० च्या वर असेल तर नाहीच. हे विमानाचे नियम आहेत, कस्टम्सचे दोन लिटर त्याच्याही आत. आणि 'उरलेल्या कुरियरने पाठवतो' म्हणणाऱ्यांनो, ही सवलत बरोबर आणलेल्या सामानाची आहे, पार्सलची नाही.

विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर

इथपर्यंत सगळं केंद्राचं होतं. बहुतेक व्हिडिओ आणि लेख इथेच संपतात, कारण मुंबईत उतरून मुंबईतच राहणाऱ्याला पुढचं सहसा जाणवत नाही. हिंगोलीच्या माणसाला जाणवायला हवं.

आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा नांदेडचा, तिथे परदेशातून थेट विमान येत नाही. त्यामुळे हिंगोली, वसमत, कळमनुरीकडची पोरं परदेशातून येताना मुंबईइतकीच हैदराबादला उतरतात. तिथून अकोला-संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग १६१ धरला की देगलूर, नांदेड, वारंगा फाटा करत थेट कळमनुरी आणि हिंगोली. रस्ता झकास झालाय. पण देगलूरच्या अलीकडे तेलंगणा संपतो आणि महाराष्ट्र सुरू होतो. गाडीतल्या गुगल मॅपवर ती रेघ इतकी पुसट असते की कळतही नाही. दारूच्या कायद्यात ती रेघ फार ठळक आहे.

कारण मद्य हा राज्यांचा विषय आहे. २०१७ मध्ये सगळ्या देशाला एक कर म्हणून जीएसटी आला तेव्हाही पिण्याचं मद्य बाहेर ठेवलं गेलं. बनवणं, बाळगणं, नेणं-आणणं, विकणं, त्यावरचं उत्पादन शुल्क, सगळं राज्याकडे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. नावाप्रमाणे त्याचा मूळ सूर 'बंदी, आणि परवाना असेल तर सूट' असा आहे. दारू बाळगायला, न्यायला, प्यायला परवाना लागतो आणि परराज्यातून आणायलाही परवानगी लागते, हे दुकानांबाहेरच्या रांगा बघून खरं वाटत नाही, पण पुस्तकात तसंच आहे. परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन काढता येतो. वाइन आणि बिअरसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बावीस-तेवीसच्या पोरांना कस्टम्सने व्हिस्कीची बाटली सोडली, तरी घरी आल्यावर ती त्यांच्या नावावर कायदेशीर नाही.

वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. तिथल्या माणसाने विमानतळावर दोन लिटर बिनदिक्कत सोडवून आणले तरी जिल्ह्याच्या हद्दीवर त्या सवलतीचा उपयोग शून्य. गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना जास्त सांगायची गरज नाही. तिथे 'भारतातच तर घेतली' हा युक्तिवाद चालत नाही, मग इथे 'कस्टम्सने सोडली' हा का चालावा?

इंजिनिअर म्हणून मला यात खटकतं ते हे. केंद्राकडे 'अतिथी' आहे, राज्याकडे ऑनलाइन परवाना आहे. दोन्ही फोनवर होतं. पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. अॅपमध्ये 'दोन लिटर वाइन' भरल्यावर 'तुम्ही महाराष्ट्रात जाणार असाल तर परवाना काढा' अशी एक ओळ दाखवायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. पिनकोड तर घेतलाच आहे पासपोर्टमध्ये. ती ओळ नसल्यामुळे माणूस प्रामाणिकपणे लाल वाटेने जाऊन, पैसे भरून, पावती घेऊन बाहेर पडतो आणि समजतो की विषय संपला. बाटलीचं बिल आणि कस्टम्सची पावती घरी पोहोचेपर्यंत जवळ ठेवा. त्याने परवान्याची गरज संपत नाही, पण माल चोरीचा किंवा बनावट नाही एवढं तरी दाखवता येतं.

दुकानातली बाटली स्वस्त होईल का

फॉरवर्डचा उरलेला अर्धा भाग. समजा युरोपात पाचशे रुपयांना पडणारी मधल्या दर्जाची बाटली आहे. आज १५० टक्क्यांनी ती साडेबाराशेला बंदरातून बाहेर पडते. ७५ टक्क्यांनी ८७५ ला, ३० टक्क्यांनी ६५० ला. फरक मोठा दिसतो. पण ही बंदराच्या दारातली किंमत आहे. तिथून पुढे आयातदार, वाहतूक, राज्याचं शुल्क, व्हॅट, घाऊक विक्रेता, दुकानदार. राज्याचा वाटा कोणत्याही व्यापार करारात नाही, आणि तो किती वर-खाली होतो याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यातली आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं विशेष शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. जून २०२५ मध्ये त्याच राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पटीवरून साडेचार पटीवर नेलं. दिल्लीत कमी झालेला कर मुंबईत परत वाढायला एक मंत्रिमंडळ बैठक पुरते.

ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात पाच डॉलरच्या वरच्या वाइनवरचं शुल्क पहिल्याच दिवशी १०० आणि पंधरा डॉलरच्या वरच्या वाइनवरचं ७५ टक्के झालं, आणि तेव्हापासून ते दरवर्षी उतरतंय. तुमच्या ओळखीतल्या कुणी 'ऑस्ट्रेलियन वाइन स्वस्त झाली' म्हणून हिंगोलीत बाटली आणलेली आठवते का? मला तरी नाही.

गंमत म्हणजे २७ जानेवारी ही तारीख महाराष्ट्राला वाइनच्या बाबतीत आधीपासून ओळखीची आहे. २०२२ साली त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. कारण दिलं होतं नाशिककडच्या द्राक्ष उत्पादकांचं. मग अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, लोकांची मतं मागवायचं ठरलं आणि निर्णय फाइलीत गेला. आता युरोपची बाटली उतरत्या शुल्काने येणार आणि नाशिकची किराणा दुकानापर्यंतही पोहोचली नाही, ही तक्रार वायनरीवाले करणार, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

भावाचं काय झालं ते सांगतो. दोन बाटल्या त्यांनी तिथेच मित्रांत संपवल्या. तिबिलिसीत द्राक्षाची एक कडक दारू मिळते, तिचं नाव 'चाचा'. तिची अर्ध्या लिटरची बाटली त्याने घेतली. ७५० अधिक ७५० अधिक ५००, बरोबर दोन हजार मिली. वय सव्वीस, परवाना त्याने तिथूनच फोनवर काढला. पाडव्याला कळमनुरीला आला तेव्हा बाटल्या मात्र हैदराबादच्या खोलीवरच होत्या. महामार्ग १६१ वरचं काही त्याला नडलं नसतं, पण मावशीच्या घरी तुळशीची माळ आहे, आणि तो नाका कुठल्याच अॅपमध्ये दाखवत नाही.